दहावं ताट

"नऊ धरले असते तर सगळं भागलं असतं," आमचे हे पुटपुटले.

पुटपुटले ते कपाटाशी. डोकं आत मोज्यांच्या खणात आणि उरलेला देह बाहेर, अशा अवस्थेत माणूस जे बोलतो ते खरं असतं, असा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. मी मागे इस्त्रीचे कपडे घेऊन उभी होते. मी विचारलं, कोण नऊ? त्यांनी डोकं बाहेर काढलं. हातात दोन वेगवेगळे मोजे आणि चेहऱ्यावर चुकीच्या खिडकीसमोर तासभर रांगेत उभं राहिल्याचा भाव. म्हणाले, काही नाही, मोजे मोजत होतो.

मोजे नऊ कसे असतील, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नाहीत हे आमच्या घरात ठरलेलं होतं. कधी ठरलं, तेवढं कुणाला आठवत नव्हतं.

प्रकरण साधं होतं. वर्षाच्या शेवटच्या सुट्टीला आमचं सगळं घर एका टेबलाभोवती जेवतं. आजवर हे जेवण मोठ्या जाऊबाईंकडे असायचं, कारण त्यांच्याकडे हॉल आहे, हॉलमध्ये टेबल आहे आणि ते टेबल ओढून लांब करायची सोय आहे. यंदा त्यांच्याकडे रंगकाम निघालं. सुट्टीच्या ऐन तोंडावर रंगकाम निघणं मला तेव्हाच संशयास्पद वाटलं होतं. पण तेवढ्यात "मग आमच्याकडे करू की" हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं. पडताना मला दिसत होतं, धरता मात्र आलं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. जेवणासाठी बाजूला काढलेले पैसे मी चष्म्याच्या एका जुन्या डबीत ठेवले आणि ह्यांना बजावलं, की या डबीत आहे तेवढ्यातच जेवण होणार, वर एक दमडी नाही. हे म्हणाले, डबी जरा मोठी घ्यायचीस. दुकानात गॉगलची डबीही असते, हे त्यांना माहीत आहे. मी ऐकलं नाही.

आता माणसं मोजते, म्हणजे पुढे घोळ नको. हे, मी आणि कॉलेजात जाणारी आमची लेक, तीन. आमच्याजवळ राहणाऱ्या सासूबाई, चार. मोठे दीर, जाऊबाई, त्यांचा मुलगा आणि सून, आठ. ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, नऊ. तिला सगळे छोटी म्हणतात. छोटी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासते. आणि दहावे छोटीचे यजमान, आमचे जावईबापू.

जावईबापू दौऱ्यावर असतात.

ते पंप विकणाऱ्या कंपनीत आहेत, त्यामुळे दौरा हा त्यांच्या नोकरीचा भागच. पूर्वीही ते दौऱ्यावर जात, फक्त तेव्हा परत येत. गेल्या दोन वर्षांत ते कुणाच्याही वाढदिवसाला, बारशाला, दवाखान्यात भेटायला आलेले नाहीत. सुट्टीच्या जेवणालाही नाहीत. दोन्ही वर्षं जाऊबाईंकडे त्यांचं ताट मांडलं गेलं, ते रिकामंच राहिलं, आणि शेवटी सासूबाईंनी आपला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा काढून त्यात जावयाचा वाटा भरला. हा डबा त्या स्वतः भरतात, कुणाला हात लावू देत नाहीत. "दौऱ्यावरून आला की दे हो," म्हणून छोटीच्या हातात ठेवतात. आठवड्यानं डबा घासूनपुसून परत येतो आणि सोबत निरोप येतो, की त्यांना फार आवडलं. गेल्या वर्षी तर वरचा कप्पा म्हणे त्यांनी चाटूनपुसून खाल्ला.

ह्यात कुणी काही बोलत नाही. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना कसलाही धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं आणि तेव्हापासून आम्ही घरातल्या वाईट बातम्या बाल्कनीत जाऊन बोलतो. बाल्कनी त्यांच्याच खिडकीला लागून आहे, पण निदान मध्ये कुंड्या आहेत.

मला काय माहीत होतं तेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल ही बाई दुसऱ्यांवरच संशय घेते. गेल्या उन्हाळ्यात जावईबापू आमच्या दुकानात आले होते. मी काउंटरवर असेन हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं, किंवा मी नेमकी त्या दिवशी सुट्टीवर असेन असं वाटलं असावं. त्यांना नंबर वाढल्यासारखा वाटत होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, चौकट डोळ्यांवर चढवली आणि एकेक भिंग घालत गेले. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, आणि डोळे तपासताना ते फार अवघड जातं. चष्मा घरपोच पाठवायचा म्हणाले. पत्ता लिहून दिला. तो छोटीच्या घरचा नव्हता. जाताना दारात थांबून विचारलं, आई कशा आहेत? मी म्हटलं, बऱ्या आहेत. बस्स. ही गोष्ट मी ह्यांनासुद्धा सांगितली नाही.

ह्यांनाही काहीतरी माहीत होतं. पावसाळ्यानंतर एके दिवशी हे घरी आले ते सात नंबरच्या बसचं अख्खं वेळापत्रक तोंडपाठ करूनच. सात नंबरची बस आमच्या बाजूला येतच नाही. ज्या माणसाशी नजरानजर होऊ नये असं वाटतं तो शेजारी येऊन उभा राहिला, की बसस्टॉपवर वाचण्यासारखं दुसरं असतं काय? आणि जाऊबाईंचं रंगकाम. ते रिकामं ताट सलग तिसऱ्या वर्षी आपल्या टेबलावर मांडायचा धीर त्यांना झाला नसेल, अशी माझी शंका आहे. शंकाच म्हणते. भिंतींना रंग मात्र खरोखर लागला होता, हे मी नंतर जाऊन नखानं खरवडून पाहिलं.

तर प्रश्न होता, नऊ की दहा.

मी आधी सरळ मार्गानं गेले. ह्यांना विचारलं, माणसं किती धरू? हे म्हणाले, दहाच असतो ना आपण, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर शेअर बाजार चालू होता, ज्यात आमचा एकही शेअर नाही. जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दहा धर बाई, आईंच्या देखत काही नको. मी विचारलं, काय नको? त्या म्हणाल्या, रंगवाला आलाय, ठेवते. लेकीला विचारलं, तर मोबाइलमधून मान वर न काढता तिनं सांगितलं, की या घरात सगळे वेडे आहेत. नऊ की दहा हे तिनंही सांगितलं नाही. सासूबाईंना विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं.

म्हणून मी दहा धरले, आणि तिथून डबीला गळती लागली.

पहिली अडचण आमच्या इमारतीची. एका घरात दहा किंवा त्याहून जास्त माणसं जेवायला बसणार असतील, तर ऑफिसात अर्ज द्यावा लागतो. नऊ माणसं म्हणजे कुटुंब, दहा माणसं म्हणजे कार्यक्रम. ही सीमारेषा आमच्या सेक्रेटरींनी आखली आहे. ते बसचे तिकीट तपासनीस होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण नजरेतून झाले नाहीत. जिन्यात समोरून आले की आपला हात आपोआप खिशाकडे जातो. पूर्वी अर्ज तोंडी चालायचा, पण चौथ्या मजल्यावरच्यांनी सतरा पाहुण्यांना दोन पंगतींत जेवू घालून नऊच दाखवले, आणि तेव्हापासून लेखी यादी लागते. यादीत नाव, वय, यजमानांशी नातं, राहण्याचा पत्ता आणि प्रत्येकाची सही. शिवाय अनामत रक्कम. माहिती खोटी निघाली तर अनामत जप्त.

मी त्यांच्यासमोर बसून यादी लिहीत होते. नऊ माणसं झरझर उतरली. दहाव्या ओळीत पत्त्याच्या रकान्याशी पेन थांबलं. सेक्रेटरींनी ते टिपलं. आयुष्यभर त्यांनी टिपलं ते हेच.

"पत्ता माहीत नाही का?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. दोन माहीत होते.

मी छोटीच्या घरचा पत्ता लिहिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो रकाना वाचला, मग चष्मा खाली घेऊन मला वाचलं. चष्म्याचा नंबर बदलायला झाला आहे हे मला दिसत होतं, पण ती वेळ नव्हती.

दुसरी अडचण खुर्च्यांची. आमच्या सहा आहेत. समोरच्या शिंपीणबाईंकडे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या तीन, त्या द्यायला तयार होत्या. म्हणजे नऊ झाल्या. शिंपीणबाईंच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे त्यांचा सल्ला ओठांच्या एका कोपऱ्यातून येतो आणि म्हणून जास्त गुप्त वाटतो. त्यांनी सुचवलं, की दहाव्याला उभ्यानं जेवायला सांगा, हल्ली सगळीकडे उभ्यानंच जेवतात. मी म्हटलं, जावयाला कसं सांगणार? त्यांनी एक टाचणी काढून उशीत खोचली आणि विचारलं, आलेत का जावई दौऱ्यावरून? मी म्हटलं, येतील. त्यांनी दुसरी टाचणी काढली. माझ्या छातीचं माप त्यांना पाठ आहे, पण त्या दिवशी त्यांनी आत काय आहे तेही मोजल्यासारखं बघितलं. मी खुर्च्या उद्या नेते म्हणून पळ काढला.

खुर्च्या भाड्यानं देणारा सहाच्या खाली खुर्च्या सोडत नाही. एकच हवी म्हटल्यावर त्यानं मला विचारलं, की एका खुर्चीचं काय करणार, चढून बल्ब लावणार का? शेवटी सहा घेतल्या. म्हणजे ज्या माणसाला यायचं नव्हतं, त्याच्यासाठी मी सहा जागा राखल्या. लिफ्टमधून फर्निचर न्यायला वेगळा अर्ज लागतो, तो मी करणार नव्हते. हे आणि लेक मिळून खुर्च्या तीन मजले चढवत होते, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सेक्रेटरी उभे होते. त्यांनी खुर्च्या मोजल्या. घरातल्या किती, हे मला विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली, आणि कार्यक्रम नक्की दहाच माणसांचा ना, असं विचारलं. ही बाई घरात शिकवणीचा वर्ग काढते आहे असं त्यांच्या मनात आलं असावं. खालून ह्यांनी मला गप्प बसायची खूण केली. डोक्यावर खुर्ची घेतलेला माणूस खूण कशी करतो हे मला तेव्हा कळलं. तो खुर्चीसकट मान हलवतो.

तिसरी अडचण बेकरीवाल्याची. सुट्टीच्या दिवशी तो लोकांचे ट्रे आपल्या भट्टीत भाजून देतो. घरच्या गॅसपेक्षा हे स्वस्त पडतं, म्हणून माझा बेत असा होता: कोंबडीच्या तंगड्या आणि बटाटे त्याच्याकडून भाजून आणायचे, भात नि सूप घरी, आणि केकही त्याच्याकडचाच, काल उरलेला, वरून साय लावून आजचा केलेला. पण लहान ट्रेमध्ये नऊ तंगड्या बसतात. दहावी बसत नाही. मी ट्रे स्वतः हातात घेऊन, तंगड्या आडव्या-उभ्या करून पाहिल्या. बेकरीवाला म्हणाला, मोठा ट्रे घ्या, पण मोठा ट्रे अर्धा भरला तर बटाटे करपतात, तो पूर्णच भरावा लागेल. पूर्ण भरायचा तर बटाटे दुप्पट. मी त्याला संशयानं विचारलं, की तुमचे बटाटे माझ्या ट्रेमधून निघणार नाहीत ना? तो फार दुखावला. सुट्टीच्या आधल्या आठवड्यात बेकरीवाल्याला दुखवणं शहाणपणाचं नसतं. मी मोठा ट्रे घेतला.

आता डबीत इतकं थोडं उरलं होतं, की ती हलवली तर आवाज यायचा. तोंडी लावायचा पदार्थ अजून बाकी होता. संध्याकाळी भाजीवाली उठायच्या वेळेला मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि तिनं मला चार किलो बीट जवळजवळ फुकट दिलं. कुणी घेतच नाही, म्हणाली. उकडून, कापून, वर लिंबू पिळलं की कुठल्याही मेजवानीत शोभेल असा रंग. मी खुशीत घरी आले.

बिटाची बातमी कुणी फोडली ते मला आजही ठाऊक नाही. माझा संशय शिंपीणबाईंवर आहे. रात्रीच्या आत दोन फोन आले. जाऊबाई म्हणाल्या, बीट कसं करतेस तू, जावईबापूंना बीट चालत नाही. मोठे दीर म्हणाले, त्याला बिटाला मातीची चव लागते, लग्नातसुद्धा त्यानं बाजूला काढलं होतं. ह्यांनी तर मला बाजूला घेऊन, म्हणजे बाल्कनीत नेऊन, सांगितलं की आईंना वाटेल आपण जावयाचा अपमान केला. एक लक्षात घ्या. हे सगळे एका अशा माणसाच्या आवडीनिवडी जपत होते, जो येणार नाही हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. आणि बाकी कुणाला माहीत नाही, अशीही प्रत्येकाची खात्री होती. "बीटच मिळालं का तुला?" असं जाऊबाईंनी शेवटी विचारलं, तेव्हा माझा स्वाभिमान उकळून बाहेर आला. मी म्हटलं, हो, बीटच मिळालं, कारण ट्रे मोठा घ्यावा लागला. ट्रे का मोठा घ्यावा लागला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या फोनवरच सगळं संपलं असतं.

मी बीट भाजीवालीला परत द्यायचं ठरवलं. पिशवी उचलली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"असू दे बीट," त्या म्हणाल्या.

मला आश्चर्य वाटलं, पण त्यांच्या वयाची माणसं भाजी टाकून देत नाहीत, म्हणून मी फार खोलात शिरले नाही. एवढंच आठवलं, की गेल्या वर्षी याच सुट्टीच्या सकाळी माझं दुधाचं पातेलं आतून गुलाबी झालेलं सापडलं होतं. मी लेकीवर घरात टी-शर्ट रंगवल्याचा आरोप ठेवला होता. ती दोन दिवस बोलत नव्हती.

शेवटची अडचण सहीची. जावईबापूंची सही आणायची कुठून? दुसरा पत्ता माझ्याजवळ होता. एक क्षण वाटलं, सरळ तिथे जावं, दार वाजवावं आणि म्हणावं, एक सही द्या, जेवायला नाही आलात तरी चालेल. मग वाटलं, दार दुसऱ्या कुणी उघडलं तर? मी छोटीकडेच गेले.

छोटीनं अर्ज घेतला. आधी लाल पेन काढून त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या. छापखान्यात राहून तिचा हात स्वस्थ बसत नाही. मग माझं निळं पेन घेऊन स्वतःच्या नावापुढे सही केली. मग दहावी ओळ वाचली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"ते आत झोपलेत," छोटी म्हणाली. "पहाटेच आलेत दौऱ्यावरून. आणते हं सही."

ती आत गेली, दार लोटून घेतलं. जावईबापू झोपले की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, एवढे ते घोरतात. आमच्याकडे राहायला आले होते तेव्हा शिंपीणबाईंनी समोरून येऊन विचारलं होतं, की काय बिघडलंय? आता त्या घरात इतकी शांतता होती, की आतून कागदावर पेन फिरल्याचा आवाज मला ऐकू आला. ओट्यावर एक कप, एक बशी, एक ताटली उपडी घातलेली होती.

छोटी बाहेर आली. सही अगदी हुबेहूब होती, पण लाल शाईत होती. ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका दिवसभर शोधणाऱ्या बाईला आपली दिसली नाही. मी घडी घालून अर्ज पर्समध्ये ठेवला.

दारात ती म्हणाली, "आईला बरं वाटेल ना गं वहिनी, दहा ताटं मांडलेली बघून?"

"वाटेल की," मी म्हटलं. बसमध्ये बसल्यावर मला स्वतःचाच राग आला. छोटी काय मागत होती ते मला कळलं होतं. कुणीतरी म्हणावं, नको मांडायला. ते मीच म्हणायला हवं होतं, दुसरं तिथं होतं कोण? पण मग आईंचं काय, असं मनात आलं, आणि नेहमीसारखी मीही आईंच्या मागे लपले.

सुट्टीचा दिवस उजाडला. बेकरीवाल्यानं ट्रे वेळेवर दिला, फक्त तो आमच्या दारातून आडवा आत येईना. तिरका केला तेव्हा बटाटे एका बाजूला गेले, तंगड्या दुसऱ्या बाजूला, आणि रस्सा ह्यांच्या नव्या शर्टावर. पाच जादा खुर्च्या बाल्कनीत रचल्या होत्या, त्यामुळे वाईट बातम्या बोलायला जागा उरली नव्हती. आमचं टेबल आणि शिंपीणबाईंचं कापड कापायचं टेबल जोडून वर दोन चादरी घातल्या. एक टेबल दुसऱ्याहून चार बोटं उंच, त्यामुळे मोठे दीर बसले होते तिथून सूप हळूहळू जाऊबाईंकडे सरकत होतं. जाऊबाईंनी येताना स्वतःची एक भाजी डब्यात घालून आणली होती, "असू दे जास्तीची" म्हणून. माझं जेवण पुरणार नाही असं त्यांना वाटत होतं. बटाट्यांचा डोंगर बघून त्यांनी डबा उघडलाच नाही.

दहा ताटं मांडली होती. छोटीच्या शेजारचं रिकामं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि मीठ मागताना सगळे त्या ताटाला वळसा घालून हात लांब करत होते. पुतण्यानं छोटीला विचारलं, काका कसे आहेत? त्याच्या बायकोनं टेबलाखालून त्याला लाथ मारली असावी, कारण तो एकदम बटाट्यांचं कौतुक करायला लागला. छोटी म्हणाली, बरे आहेत, आज पहाटेच पुन्हा जावं लागलं, पंपाचं काम निघालं. सुट्टीच्या दिवशी कुठे पंप बिघडला, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सासूबाईंनी तीन कप्प्यांचा डबा आपल्या ताटाशेजारी आधीच आणून ठेवला होता आणि त्या शांतपणे वरच्या कप्प्यात बीट भरत होत्या.

आणि बेल वाजली.

सेक्रेटरी होते. हातात माझा अर्ज, कानावर पेन्सिल. त्यांनी सणासुदीच्या शुभेच्छा दिल्या, आत पाऊल टाकलं आणि बोट न उचलता, नुसत्या हनुवटीनं माणसं मोजली. बसमध्ये मोजत असतील तशी, मागून पुढे. मग पुढून मागे.

"नऊ," ते म्हणाले. "अर्जात दहा आहेत."

त्यानंतर जे झालं ते एकाच वेळी झालं. हे म्हणाले, दौऱ्यावर गेलेत. जाऊबाई म्हणाल्या, ताप आलाय हो त्यांना. मोठे दीर म्हणाले, येतीलच एवढ्यात, वाटेत आहेत. पुतण्या म्हणाला, खाली गाडी लावताहेत. आणि मी, यजमानीण, अर्जावर सही करणारी, म्हणाले की ते आत हात धुताहेत.

एक माणूस पाच ठिकाणी होता. सेक्रेटरींनी आयुष्यात फार बहाणे ऐकले असतील, पण इतके चांगले कपडे घातलेल्या माणसांकडून नसतील. त्यांनी अर्ज वर धरला, उजेडाकडे.

"आणि ही सही लाल शाईत का आहे?" त्यांनी विचारलं.

छोटीनं हात मांडीवर घेतले. मी अनामत रकमेचा विचार करत नव्हते, शपथेवर सांगते. मी छोटीच्या बोटांकडे बघत होते. पहिल्या बोटावर लाल शाईचा एक ठिपका होता, तो ती अंगठ्यानं पुसत होती. तिचं तोंड असं झालं होतं, की आता ती उठेल, पर्स घेईल, आणि पुढच्या वर्षी तीही दौऱ्यावर असेल.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. डब्याचं झाकण लावलं नाही.

"थांबा हो जरा," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. मग छोटीकडे वळल्या. "छोटे, गेल्या वर्षी वरच्या कप्प्यात मी नुसतं बीट भरलं होतं. घरून उकडून नेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही. तू म्हणालीस, वरचा कप्पा त्यानं चाटूनपुसून खाल्ला."

माझं गुलाबी पातेलं माझ्या डोळ्यांसमोर आलं. कुणी हललं नाही. टेबलावरचं सूपसुद्धा जिथं होतं तिथंच थांबलं असावं.

"कुणी खाल्लं ते?" सासूबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. लहान मुलीला ताप कधीपासून आहे हे विचारावं, तसं विचारलं.

छोटीनं रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मग भावांकडे, मग माझ्याकडे. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. सेक्रेटरींनीही घातली होती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि अर्जातली दहावी ओळ खोडून टाकली.

"मी खाल्लं," छोटी म्हणाली. "तो सोडून गेलाय, आई. दोन वर्षं झाली. परत येणार नाही." तिनं डबा आपल्याकडे ओढला आणि आत बघितलं. "आणि मला बीट अजिबात आवडत नाही."